शेवटचा बाक आणि समान शाळा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात एक हुकूम काढला. अस्पृश्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या स्वतंत्र शाळा बंद कराव्यात आणि त्या मुलांना इतरांबरोबर एकाच सरकारी शाळेत बसवावे, असा तो हुकूम होता. त्याआधी दोनच वर्षे, १९१७ मध्ये, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला होता. या दोन पावलांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक मुलाला शाळा मिळावी हे पहिले पाऊल. ती शाळा सर्वांची एकच असावी हे दुसरे, आणि पहिल्याहून कितीतरी अवघड. वेगळी शाळा कितीही निष्ठेने चालविली तरी तिथे बसणारा मुलगा आपण निराळे आहोत हे आधी शिकतो आणि मग अक्षरे शिकतो. बाहेरचा समाजही एक गोष्ट शिकतो: निराळ्यांची सोय निराळी लावली की आपले कर्तव्य संपले.

शंभर वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न आज दुसऱ्या रूपाने शाळेच्या दारात उभा आहे. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग मुले, मेंदूच्या पक्षाघाताने ज्यांचे स्नायू साथ देत नाहीत अशी मुले, सावकाश शिकणारी, अक्षरांची ओळख पटण्यास विलंब लागणारी मुले, या सर्वांच्या शिक्षणाचा हा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. ५ ते १९ वयोगटातील अपंग मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुले त्या वेळी शिकत होती. उरलेल्यांपैकी बहुसंख्य मुलांनी शाळेची पायरी कधी चढलेलीच नव्हती. ही गणना आठच प्रकारच्या अपंगत्वांची होती. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, तेव्हा प्रश्नाचा खरा आवाका या आकड्यांहूनही मोठा आहे.

जी मुले शाळेत पोहोचली त्यांचे काय होते, हे तर कोणत्याच जनगणनेत मोजले जात नाही. हजेरीपटावर नाव असते, गणवेश मिळतो, माध्यान्ह भोजनाच्या पंक्तीत जागा असते. परंतु फळ्यावर लिहिलेले दिसत नाही, गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात ते ऐकू येत नाही, आणि इतर मुले पुढच्या धड्याकडे गेली तरी हे मूल मागच्याच ओळीवर बोट ठेवून बसलेले असते. मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वर्षअखेर ते वरच्या वर्गात जाते, तेही शेवटच्या बाकावरच. दाराबाहेर ठेवलेले मूल निदान दिसते तरी. वर्गात बसवून वगळलेले मूल दिसतही नाही.

दया, कायदा आणि शब्द

या देशात अपंगांच्या शिक्षणाचा प्रारंभ धर्मादाय वृत्तीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनऱ्यांनी मुंबई, अमृतसर आदी ठिकाणी कर्णबधिरांच्या व अंधांच्या शाळा काढल्या. पुढे ध्येयवादी माणसांनी संस्था उभ्या केल्या, आणि त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्यातून राज्यकर्त्यांना एक सोयीची सवय लागली. अपंगांच्या विशेष शाळा समाजकल्याणाच्या कक्षेत आणि बाकीच्या शाळा शिक्षण खात्याच्या कक्षेत, अशी वाटणी होऊन बसली. अपंग मूल हे विद्यार्थी नसून लाभार्थी आहे, हे या वाटणीने ठरवून टाकले.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली होती. अपंगांचे शिक्षण सर्वसामान्य शिक्षणव्यवस्थेचा अविभाज्य भाग असले पाहिजे, हे आयोगाने सांगितले. त्याच अहवालात समान शाळापद्धती आणि शेजारशाळा यांचा पुरस्कार होता. परिसरातील सर्व मुलांनी, जात, धर्म आणि आईबापांची मिळकत न पाहता, परिसरातील एकाच शाळेत शिकावे, ही ती कल्पना. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाला न साधलेला त्रिकोण त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात मांडला. शेजारशाळा आणि अपंगांचे शिक्षण या दोन शिफारशी एकाच अहवालात आल्या हा योगायोग नव्हे. त्या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. दोन्ही बाजूंचे पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही त्याच आयोगाची शिफारसही अद्याप कागदावरच आहे.

त्यानंतर योजना आणि कायदे यांची कमतरता राहिली नाही. १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली. तीही समाजकल्याण मंत्रालयाकडे होती आणि शिक्षण खात्याकडे यायला तिला १९८२ उजाडले. १९९५ च्या कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश वंचित गटात झाला. २०१६ च्या कायद्याने सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्या केली. सर्व मुले एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धती प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतली जाईल, असा तिचा आशय आहे. व्याख्या निर्दोष आहे. पण तिच्या मागे पैसा किती उभा आहे? समग्र शिक्षा अभियानात एका अपंग मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. दिवसाचा हिशेब केला तर दहा रुपयेही होत नाहीत. एवढ्यात साधने, उपचार, प्रवासभत्ता आणि शिकवणे हे सर्व बसवायचे!

याच काळात शब्दही बदलला. ‘अपंग’ हा शब्द सरकारी कागदांतून मागे पडला आणि ‘दिव्यांग’ हा रूढ झाला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्रपणे स्थापन झाला. खाते स्वतंत्र झाले याचे स्वागतच केले पाहिजे. पण कल्याण एका खात्यात आणि शाळा दुसऱ्या खात्यात, ही जुनी वाटणी त्यामुळे मिटत नाही. ज्याच्या अंगी दिव्यत्व आहे असे सांगितले जाते, त्या मुलाला शाळेच्या तीन पायऱ्या चढता येत नाहीत. देशातील सुमारे निम्म्या शाळांतच कठड्यासह रॅम्प आहे, आणि या मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह त्याहूनही कमी शाळांत आहे. स्वच्छतागृह नसेल तर चाकाच्या खुर्चीवरची मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, आणि एक दिवस शाळेत येणे थांबवते. गौरवाचा शब्द तिला परत आणू शकत नाही.

इटलीने वर्ग बदलला

कायदा आणि वर्ग यांतील हे अंतर कसे कमी करता येते याचे एक उदाहरण समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासण्याजोगे आहे. ते इटलीचे. तोस्कानाच्या डोंगरात बार्बियाना नावाची लहानशी वस्ती आहे. तेथे लोरेंझो मिलानी नावाच्या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या, सरकारी शाळेने नापास करून बाहेर टाकलेल्या मुलांची शाळा चालविली. तेथील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले आणि १९६७ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मिलानी त्याच वर्षी वारले. नापास कोण होतात, याची आकडेवारी मुलांनी त्या पुस्तकात मांडली होती. डॉक्टरांची आणि वकिलांची मुले पुढे जातात, शेतमजुरांची गळतात. मग बुद्धी काय घराणे पाहून जन्म घेते? हा त्यांचा सवाल इटलीभर गाजला.

या सवालामागे लवकरच कामगारांचे बळ उभे राहिले. १९७३ च्या करारात धातुउद्योगातील कामगारांनी पगारी अभ्यासरजेचे दीडशे तास मिळविले आणि कारखान्यांत राबणारे हजारो स्त्री-पुरुष अर्धवट सुटलेले शालेय शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा बाकावर येऊन बसले. शाळा कोणाची, हा प्रश्न कामगारचळवळीचा प्रश्न झाला. अपंगांना वेगळ्या शाळांत कोंडण्याविरुद्धचे आंदोलन या वातावरणात वाढले. १९७१ च्या एका कायद्याने सर्वसाधारण वर्गाचे दार किलकिले केले, आणि ऑगस्ट १९७७ च्या ५१७ क्रमांकाच्या कायद्याने ते उघडले.

या कायद्यात काय होते ते तपशिलाने पाहिले पाहिजे. ज्या वर्गात अपंग मूल असेल त्या वर्गाची पटसंख्या वीसपेक्षा अधिक असू नये. त्या वर्गाला साहाय्यक शिक्षक मिळावा. गुणांची पद्धत काढून टाकून प्रत्येक मुलाच्या प्रगतीची वर्णनात्मक नोंद ठेवावी, आणि नापासांना पुन्हा बसवण्याच्या परीक्षा प्राथमिक व माध्यमिक स्तरावर बंद कराव्यात. म्हणजे कायदा झाला अपंग मुलाच्या निमित्ताने, परंतु त्याने वर्ग बदलला तो सर्वांसाठी. वीस मुलांच्या वर्गात, दोन शिक्षकांच्या देखरेखीखाली, नापास होण्याच्या भीतीवाचून शिकण्याचा लाभ गरीब शेतकऱ्याच्या धडधाकट मुलालाही झाला. १९८७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने उच्च माध्यमिक शाळेचे दारही या मुलांना पूर्णपणे खुले केले. आज इटलीतील जवळजवळ सर्व अपंग मुले सर्वसाधारण शाळांतच शिकतात.

तेथे सर्व काही आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. साहाय्यक शिक्षक अपुरे पडतात, वारंवार बदलतात. वर्गशिक्षक पुष्कळदा अपंग मूल साहाय्यकाच्या हवाली करून मोकळे होतात आणि मग एकाच वर्गात दोन वर्ग तयार होतात. या तक्रारी तेथील पालक आणि शिक्षक स्वतःच करतात. तरीही मूळ निर्णयाची दिशा महत्त्वाची आहे. इटलीने मुलाला वर्गाच्या मापात बसवले नाही; वर्गाचे माप बदलले. भारताने मुलाला प्रवेश दिला आणि वर्ग होता तसाच ठेवला.

एका वर्गातील अनेक मुले

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या लहान शाळेचे चित्र यापुढे ठेवून पाहावे. दोन शिक्षक, चार इयत्ता. एक शिक्षक माहिती भरण्यात किंवा निवडणुकीच्या कामात, दुसऱ्याच्या समोर सर्व वर्ग. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. पण ते तीस एका इयत्तेचे आहेत की चार इयत्तांचे, हे प्रमाण सांगत नाही. या शिक्षकाला सर्वसमावेशक शिक्षणावर दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन पाठवून दिले जाते. त्याने हात वर केले तर दोष केवळ त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय त्या वर्गातील वेगळेपण अपंगत्वापुरतेच नसते. मेळघाटात मूल घरी कोरकू बोलते, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, आणि पाठ्यपुस्तक असते प्रमाण मराठीत. बीडकडच्या ऊसतोडणी कामगाराचे मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी व दलित वस्त्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. २०१६ च्या कायद्याने तोही अपंगत्वात धरला आहे. ज्याचे सांधे अचानक असह्य दुखू लागतात आणि जो महिन्यातून अनेक दिवस येऊ शकत नाही, त्या मुलाला शाळेच्या दफ्तरात ‘अनियमित’ म्हटले जाते. या सर्वांना एका गतीने, एका भाषेत, एका पुस्तकातून हाकणारा वर्ग अपंग मुलाला जसा वगळतो, तसाच या सर्वांनाही वगळतो. तेव्हा ‘सामान्य’ मूल म्हणून जे गृहीत धरले जाते ते कोणते? प्रमाण भाषा बोलणारे, घरी अभ्यासाला जागा असलेले, वर्षभर एका ठिकाणी राहणारे, निरोगी. असे मूल या राज्यात अल्पसंख्य आहे. अल्पसंख्याच्या मापाने बेतलेल्या वर्गाला सर्वसाधारण म्हणण्याची प्रथाच तपासली पाहिजे.

वर्ग बदलण्याची सुरुवात अनेकदा साध्या गोष्टींनी होते. फळ्यावर जे लिहायचे ते मोठ्याने म्हणत लिहिले तर अंध मुलाला गणिताची पायरी कळते, आणि मागे बसलेल्या दहा जणांनाही. लिहून झाल्यावर मुलांकडे वळून बोलले तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसतात. गणित मण्यांनी, चिंचोक्यांनी, दोरीच्या गाठींनी शिकवले तर हाताने शिकणाऱ्या प्रत्येकाचा लाभ होतो. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत उत्तर देऊ दिले, तोंडी उत्तराला लेखी उत्तराइतकी किंमत दिली, मुलांच्या जोड्या करून एकाने दुसऱ्याला शिकवण्याचा शिरस्ता घातला, तर वर्गाची घडण पालटते. यांतली एकही गोष्ट केवळ अपंग मुलाच्या उपयोगाची नाही.

पण सुरुवात म्हणजे शेवट नव्हे. ब्रेल शिकवणारा, खुणांची भाषा जाणणारा, मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला बसवावे कसे हे सांगणारा शिक्षक सदिच्छेतून निर्माण होत नाही. त्यासाठी पदे लागतात आणि पगार लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्यानुसार २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा अपंग मुलांमागे एक आणि वरच्या स्तरावर पंधरांमागे एक असे प्रमाण जाहीर झाले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की मंजूर पदांची संख्या तरी आधी जाहीर करा. मधली वर्षे अशीच गेली. गावोगाव फिरून या मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत राहिले. ज्या शिक्षकाला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याच्यावर मुलाच्या भविष्याची जबाबदारी टाकण्यात आली. विशेष शिक्षकाच्या कायम नोकरीची मागणी आणि अपंग मुलाच्या शिक्षणाचा हक्क यांत विरोध नाही. पहिली दुसऱ्याचीच अट आहे.

सवलतीची पायरी कोण चढतो

या प्रश्नाची वर्गीय बाजू परीक्षेच्या सवलतींत स्वच्छ दिसते. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या. अधिक वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय अशा या सवलती योग्यच होत्या. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी तपासण्या लागतात, आणि तपासणीची सोय मोठ्या शहरांतील रुग्णालयांत. मजुरी बुडवून मुलाला घेऊन पुन्हापुन्हा शहरात खेटे घालणे शेतमजूर आईला शक्य नसते. तिच्या मुलाला अक्षरे वाचण्यात अडचण आहे, हे तिला कोणी सांगितलेलेही नसते. सुखवस्तू घरातले तेच मूल ‘विशेष गरजा’ असलेले ठरते, आणि तिचे मूल ‘ढ’ ठरते. अडचण एकच, एकाला सवलत मिळते आणि दुसऱ्याला छडी.

हक्क कागदावर सारखा असला तरी तो मिळवण्याची किंमत सारखी नसते, हे समाजवाद्यांना निराळे सांगण्याची गरज नाही. म्हणून मागणी प्रमाणपत्रांची संख्या वाढवण्यावर थांबता कामा नये. तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात व्हावी आणि आठवड्याचा एक दिवस त्यासाठी ठरलेला असावा. ज्याला प्रमाणपत्र नाही त्यालाही वर्गात मदत मिळावी. भुकेल्याला जेवू घालण्याआधी भुकेचा दाखला मागू नये, इतकी ही साधी गोष्ट आहे.

दोन आक्षेप

विशेष शाळा मग बंद करायच्या काय, असा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा लहानपणीच मिळावी लागते; ती बोलणारी माणसे आसपास नसतील तर मूल वर्गात असूनही एकाकी राहते. अंध आणि बहिरे असे दुहेरी अपंगत्व असलेल्या मुलाची गरज आणखी निराळी. विशेष शाळांनी दशकानुदशके जमवलेले ज्ञान मोडीत काढणे शहाणपणाचे होणार नाही. परंतु त्या शाळांनी परिसरातील सर्व शाळांची साधनकेंद्रे व्हावे, त्यांचे शिक्षक बाहेर पडावेत, आणि मुलाने तेथे काही काळ घालवून आपल्या गावच्या शाळेत परतावे, हा मार्ग खुला आहे. विशेष शाळा ही निवड असावी. गावची शाळा घेत नाही म्हणून पालकांवर ती लादली जाऊ नये. घरी शिक्षण देण्याच्या पर्यायाचेही तेच. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तो हक्क म्हणून दिला. शाळेला जबाबदारी टाळण्याची ती पळवाट होऊ नये, यावर लक्ष ठेवावे लागेल.

दुसरा आक्षेप इतर पालकांचा. आमची मुले मागे पडतील, असे ते म्हणतात. हा आक्षेप नवा नाही. स्पृश्य-अस्पृश्य मुले एकत्र बसवताना आणि मुलींना शाळेत घालताना तो वेगवेगळ्या भाषेत ऐकू आला होता. मात्र त्याची केवळ निर्भर्त्सना करून भागणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक असेल तर त्या पालकांची भीती अगदीच निराधार नसते. लहान वर्ग आणि दुसरा शिक्षक ही मागणी दोन्ही पालकांनी मिळून केली पाहिजे. तसे झाले नाही तर अपुऱ्या साधनांसाठी गरिबांची मुले एकमेकांविरुद्ध उभी केली जातील.

शाळा उरली तर

या सर्वांच्या मुळाशी एक साधी अट आहे: गावात शाळा असली पाहिजे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचाच नियम आहे. तरीही २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचे धोरण पुढे आले. मोठ्या शाळेत अधिक सोयी देता येतात, असे समर्थन केले जाते. धडधाकट मूल चार किलोमीटर जाईलही. कुबड्यांवर चालणारे मूल जाणार नाही. अंध मुलीला तिची आई ओढा ओलांडून पाठवणार नाही. वाहतूकभत्ता कागदावर असतो. पावसाळ्यात पाड्यावर गाडी येत नाही. शाळा दूर गेली की पहिल्याने घरी बसते ते अपंग मूल, मग मुलगी, मग सर्वात गरिबाचे मूल. म्हणून गावची शाळा वाचवण्याचा लढा आणि अपंग मुलाच्या हक्काचा लढा हे दोन लढे नाहीत. ज्या गावात शेजारशाळा मेली तिथे समावेशाच्या गोष्टी बोलणे निरर्थक आहे.

कार्यकर्त्याने काय करावे

डॉ. लोहियांनी राजकारणाची तीन प्रतीके सांगितली होती: फावडे, तुरुंग आणि मतपेटी. या प्रश्नावर तिन्हींना काम आहे.

फावड्याचे काम गावातच आहे. शाळेच्या दाराला रॅम्प करायचा तर एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. तेवढा उतार नसेल तर चाकाची खुर्ची चढत नाही, आणि घाईने बांधलेला चढ हा केवळ देखावा ठरतो. वाळू, सिमेंट आणि चार दिवसांचे श्रमदान एवढ्यात ते होते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. ती कोठे जाते, हे ग्रामसभेत विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि वंचित गटातील पालकांना त्यांत प्रमाणशीर जागा देणे कायद्याने बंधनकारक आहे. २०१२ पासून अपंग मुलांचे पालक या गटात येतात. किती समित्यांत त्यांना जागा मिळाली आहे, याची चौकशी करावी.

संघर्षाचे काम तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. विशेष शिक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, तपासणीची सोय कोठे, बंद झालेल्या शाळांतील अपंग मुले आज कोठे आहेत, हे लेखी विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास धरणे धरावे. या लढ्याचे नेतृत्व अपंग व्यक्तींकडे आणि त्यांच्या पालकांकडे असावे. किशोरवयातच चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. अपंग माणूस मदतीची वाट पाहणारा नसून काम उभारणारा असतो, हे महाराष्ट्राने तेथे पाहिले. चळवळीने त्यांच्यासाठी बोलण्याऐवजी त्यांच्या मागे उभे राहायला शिकावे. मतपेटीचे काम त्यानंतरचे. ही गणना, ही पदे आणि हा खर्च यांचा जाब उमेदवारांना गावोगावच्या सभेत विचारला जाऊ लागला, तरच अंदाजपत्रकात त्याचे प्रतिबिंब पडेल.

प्रारंभ एका यादीने व्हावा. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील किंवा वस्तीतील घरे फिरून पाहावीत. ज्या घरात एखादे मूल मागच्या खोलीत बसलेले आहे, त्या घरी बसावे, आईशी बोलावे, मुलाशी बोलावे आणि नाव लिहून घ्यावे. मग शाळेत जाऊन हजेरीपट पाहावा आणि नावे ताडून घ्यावीत. पटावर असलेली मुले वर्गात कोणत्या बाकावर बसतात, हेही पाहावे. ती यादी हाती आल्यावर पुढे काय करायचे ते कार्यकर्त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.